छोटं इंजिन

सेफ्टीसाहेबांच्या गाडीत नवं इंजिन बसलं, की त्या आठवड्यात मी बायकोला आमच्या विम्याचे कागद कुठल्या कपाटात आहेत ते पुन्हा एकदा सांगून ठेवत असे. "मग जाऊ नका ना त्यांच्याबरोबर," ती म्हणायची. बोलायला काय जातं! आम्ही राहायला डिस्कव्हरी गार्डन्समध्ये आणि कंपनी हमरिया फ्री झोनमध्ये. म्हणजे दुबईच्या एका टोकाला निघायचं आणि शारजा, अजमान मागे टाकत पार पलीकडे पोचायचं. त्यात मला लायसन नाही. इथल्या ड्रायव्हिंग टेस्टला मी इतक्यांदा नापास झालोय, की परीक्षक आता माझ्या मुलांच्या अभ्यासाची चौकशी करतो. तेव्हा रोज सकाळी त्यांच्या शेजारच्या सीटवर बसायचं आणि बेल्ट दोनदा ओढून बघायचा, एवढंच मला करता येत होतं.

ते आमच्या कंपनीत सेफ्टी ऑफिसर होते, म्हणून सेफ्टीसाहेब. खरं नाव फक्त पगाराच्या स्लिपवर असायचं. उंच, किडकिडीत माणूस, आणि कपाळावर हेल्मेटच्या पट्ट्याचा कायमचा वळ. आम्ही तेलाच्या मोठाल्या टाक्या बनवायचो. क्रेनला टाकी लटकली, की सगळे टाकीकडे बघायचे आणि सेफ्टीसाहेब खाली उभ्या असलेल्या माणसाकडे बघायचे. जे अजून झालेलं नाही ते त्यांना आधी दिसायचं. अशा माणसाबरोबर राहणं फार अवघड असतं, कारण हळूहळू ते आपल्यालाही दिसायला लागतं.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "आधी काय मोडेल ते सांगा." कामाच्या मीटिंगमध्ये ते शोभायचं, पण ते हे वाक्य कुठेही काढत. आमच्या अकाउंट्समधल्या एकाने पुण्यात चौदाव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. पेढे वाटत साहेबांच्या टेबलाशी आला. त्यांनी पेढा तोंडात टाकला, अभिनंदन केलं आणि विचारलं, "आधी काय मोडेल? लिफ्ट की पंप?" तो बिचारा त्या रात्री झोपला नसणार. गंमत म्हणजे लिफ्टच बंद पडली, आणि त्यानेच येऊन ते मोठ्या आदराने सांगितलं.

सकाळी गाडीपाशी त्यांचा एक कार्यक्रम असे. आधी गाडीभोवती एक फेरी. मग डांबरावर उकिडवं बसून गाडीखाली नजर, कुठे तेल ठिबकलंय का. मग मला, "दार लागलं?" मी म्हणायचो, "लागलं." "उघडून परत लावा." रस्त्यावर तर विचारूच नका. पुढे पाइप भरलेला ट्रेलर दिसला, की त्या पाइपांचा पट्टा कुठून सुटेल, पहिला पाइप कोणत्या लेनमध्ये येईल आणि तो काचेतून आत आला तर कुणाच्या बाजूला येईल, हे ते शांत आवाजात सांगत. तो कायम माझ्या बाजूलाच यायचा.

आता असल्या माणसाला छंद कसला असावा? स्टॅम्प जमवावेत, बागकाम करावं. सेफ्टीसाहेबांना जुन्या गाडीतलं इंजिन काढून दुसरं बसवायचा छंद होता. गाडी एकच, चौकोनी तोंडाची जुनी जपानी सेडान. तिचा रंग कधीकाळी मरून असावा, उन्हाने विटून विटेसारखा झाला होता. त्या गाडीत माझ्या डोळ्यांदेखत किती इंजिनं आली आणि गेली!

मी एकदा न राहवून विचारलं, "साहेब, कंपनीने बसवलेलं इंजिन चांगलं होतं ना? मग कशाला?"

"ते कुणी बसवलं?" ते म्हणाले. "त्या दिवशी तो माणूस घरी भांडून आला होता की काय, मला काय माहीत? जे इंजिन मी स्वतः उघडून परत जोडलंय, त्याच्यावर मी विश्वास टाकू शकतो. बाकी सगळं देवाच्या हवाली."

म्हणजे भीतीपोटीच चाललेलं होतं हे सगळं. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात त्यांचा एक ठरलेला पठाण उस्ताद, म्हणजे मेकॅनिक, होता. जपानहून तिथे 'हाफ कट' येतात. हाफ कट म्हणजे मधोमध कापलेल्या गाड्यांचे पुढचे अर्धे भाग, इंजिनासकट. ते ओळीने मांडलेले असतात आणि दर शनिवारी आमचे साहेब त्यांच्यामधून मुलीसाठी स्थळ बघितल्यासारखे फिरत. इतर हौशी लोक चोरून इंजिन बदलतात. हे मात्र आधी परवानगी काढणार, बदलल्यावर तपासणीला नेणार, मुल्कियावर, म्हणजे गाडीच्या कार्डावर, नवा इंजिन नंबर चढवून घेणार आणि ती मुल्किया दुसऱ्या दिवशी मला वाचायला देणार. मीही ती वाचायचो, कारण वाचल्याशिवाय गाडी सुरू होत नसे.

त्यांची सगळ्यात मोठी उडी म्हणजे सहा सिलिंडरचं इंजिन. ते बसवलं तेव्हा ऐन ऑगस्ट होता. पहिल्याच सकाळी एमिरेट्स रोडवर त्यांनी एसी बंद केला, खिडक्या उघडल्या आणि हीटर पूर्ण सोडला. बाहेर भट्टी आणि आत दुसरी. मी ओरडलो, "साहेब, हे काय!"

"इंजिनाची उष्णता बाहेर काढतोय. रेडिएटरला जमत नसेल तर हीटरने काटा खाली येईल. बघत राहा काट्याकडे."

मी काट्याकडे बघत राहिलो. तो जागचा हलला नाही, रेडिएटर पास झाला. ऑफिसात पोचलो तेव्हा मॅनेजरने विचारलं, "समुद्रात पडलास का?" पण खरं सांगायचं तर त्या इंजिनाची मला पुढे सवय झाली. साहेब गाडी कधी जोरात चालवत नसत. फक्त ट्रेलरच्या बाजूने पुढे जाताना पायाला जरा दाब देत, आणि गाडी चटकन मोकळ्या जागेत निघून जाई. "बघितलं?" ते म्हणत. "ताकद पळायला नसते. ताकद निघून जायला असते." पाइपांचा ट्रेलर मागे पडला की माझाही श्वास सुटायचा.

त्यांना एकच मुलगी, मनू. जन्म इथलाच. बाप मराठीत बोलायचा, ती इंग्रजीत उत्तर द्यायची आणि दोघांचं छान चाललेलं असायचं. लायसन तिला पहिल्याच टेस्टला मिळालं, हे मला त्या घरात गेल्यावर दरवेळी कुणीतरी ऐकवायचंच. पण मिळाल्यापासून तिने गाडी चालवली ती फक्त आमच्या वसाहतीतल्या राउंडअबाउटभोवती, बाप शेजारी बसलेला. साहेबांचे पाय गाडीच्या फरशीवर, तिथे नसलेला ब्रेक दाबत असायचे.

मग मनूला फुजैराला इंटर्नशिप लागली. केमिकल इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष, तेलाच्या टर्मिनलवरच्या लॅबमध्ये काम. ही केली नाही तर डिग्री अडणार. जायचं रोज, यायचं रोज, आणि रस्ता डोंगरातून, चढाचा, खडीच्या ट्रेलरांनी भरलेला. बातमी आली त्या दिवशी मी त्यांच्याकडे चहाला होतो. वहिनींनी शिरा केला होता. साहेबांनी शिऱ्याला चमचासुद्धा लावला नाही.

"मी सोडीन तिला," ते म्हणाले. "रजा टाकतो."

"आणि दिवसभर काय कराल?" वहिनी म्हणाल्या. "टर्मिनलच्या गेटबाहेर उभे राहाल?"

"राहीन."

"बाबा, प्लीज," मनू म्हणाली. "आय कॅन ड्राइव्ह. यू नो आय कॅन."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी शिऱ्याकडे बघितलं. त्यांना काय दिसत होतं ते मला पक्कं माहीत होतं. इतकी वर्षं त्यांच्या शेजारी बसून मलाही तेच दिसत होतं.

दोन दिवसांनी गाडीत ते म्हणाले, "इंजिन बदलतोय. मनूसाठी."

"आणखी मोठं?" माझा हात आपोआप बेल्टकडे गेला.

"छोटं."

लॉन्ड्रीचे कपडे पोचवणारी एक छोटी व्हॅन असते ना, तिचं इंजिन. उस्तादने कपाळाला हात लावला. "साब, सारी दुनिया छोटा निकाल के बडा डालती है. आप उल्टा चलता है." साहेब म्हणाले, "तुम डालो." मी हळूच म्हटलं, की ताकद निघून जायला असते असं तुम्हीच सांगता. "ते मी चालवतो तेव्हा," ते म्हणाले. "एकविसाव्या वर्षी दम असला की पोरं तो वापरतात. दमच नसेल तर काय वापरतील?" मला ते पटलं. खोटं कशाला बोलू, भित्र्या माणसाला भित्र्याचं म्हणणं फार लवकर पटतं.

तपासणीच्या माणसाने कागद उलटसुलट करून बघितले. "व्हाय स्मॉल, हबीबी?"

"डॉटर," साहेब म्हणाले.

त्याने मान डोलावली, गाडी तपासली, सगळं जागच्या जागी होतं म्हणून सोडून दिली. सहा सिलिंडरचं इंजिन उस्ताद मागत होता, पण साहेबांनी ते घरी नेलं. तळमजल्याच्या त्यांच्या फ्लॅटला मागे छोटंसं अंगण होतं, तिथे ते लाकडी फळ्यांवर ठेवलं. वहिनींनी वर जुनी चादर टाकली. गणपतीत आलेल्या पाहुण्यांना ते मखराचं सामान वाटलं.

त्या छोट्या इंजिनाच्या दिवसांत साहेब मला आठवतात ते अगदी खुशीत. आमची गाडी उजव्या, म्हणजे इथल्या सावकाश लेनमध्ये रांगत असायची. बिस्किटांचे टेम्पोसुद्धा आम्हाला मागे टाकून जायचे. हायवेला लागताना मोकळी जागा मिळेपर्यंत ते थांबून राहायचे, मागचे हॉर्न मारायचे, हे थांबायचे. "बघा, हिला घाई करताच येत नाही," ते कौतुकाने म्हणायचे. मी मान हलवायचो. आम्हा दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही, की एमिरेट्स रोड सपाट आहे.

मनू कामावर रुजू व्हायच्या आधीच्या रविवारी फुजैराला एक फेरी मारून यायचं ठरलं. मनूची अट होती, बाबा मागे बसणार आणि एक शब्द बोलणार नाहीत. साहेबांची अट होती, पुढे मी बसायचं. "भरलेल्या गाडीत कशी चालते ते कळेल," ते म्हणाले. म्हणजे मला वजन म्हणून नेलं होतं. वहिनी आल्या नाहीत. "एक माणूस घरी असू दे," एवढंच म्हणाल्या, आणि त्या बोलण्याने मला जास्तच धडकी भरली.

मनू छान चालवत होती. खरंच छान. आरसे बघत होती, अंतर ठेवत होती. डोंगर सुरू झाले तसा इंजिनाचा आवाज वाढला आणि वेग कमी व्हायला लागला. पुढे खडीचा ट्रेलर कण्हत चढत होता. मनूने आरशात बघितलं, सिग्नल दिला आणि डावीकडच्या लेनमध्ये गेली. काही चुकलं नाही तिचं. ट्रेलरच्या निम्म्यापर्यंत पोचलो आणि आमची गाडी तिथेच अडकली. पुढे सरकेना. ट्रेलरची चाकं माझ्या खिडकीच्या उंचीची होती आणि ती माझ्या शेजारी फिरत होती.

मागून एक मोठी पांढरी गाडी भरधाव आली आणि तिचे दिवे आरशात लखलख करायला लागले. मनूने पाय दाबला. आवाज वाढला, वेग नाही. तिने गिअर खाली घेतला, एसी बंद केला. गाडी किंचित सरसावली आणि पुन्हा थकली. तेवढ्यात ट्रेलरवाल्याला पुढे आणखी सावकाश चाललेला ट्रक दिसला असावा, त्याने डावीकडचा सिग्नल दिला. त्याला आम्ही दिसत नव्हतो. तो आमच्या लेनमध्ये यायला लागला.

माझे पाय फरशीवर, तिथे नसलेला ब्रेक दाबत होते. मागच्या सीटवरून आवाज नाही. अट होती ना! मनूने हॉर्नवर पंजा ठेवला तो काढलाच नाही, आणि ब्रेक लावला. मागच्या पांढऱ्या गाडीने किंचाळत रस्त्याच्या कडेची पिवळी रेघ ओलांडली. ट्रेलरची शेपटी आमच्या नाकासमोरून डाव्या लेनमध्ये सरकली. आम्ही त्याच्या मागे राहिलो. पांढरी गाडी बाजूने शिव्या देत निघून गेली. देऊ दे, शिव्या ऐकू आल्या म्हणजे आम्ही जिवंत होतो.

पुढच्या पेट्रोल पंपावर मनूने गाडी उभी केली, व्यवस्थित, दोन पांढऱ्या रेघांच्या मधोमध. मग स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. मी बेल्ट सोडला आणि परत लावला. मग ती मागे न बघता म्हणाली,

"बाबा, आय प्रेस्ड इट ऑल द वे. देअर वॉज नथिंग देअर."

साहेब उतरले. पुढच्या दारापाशी आले. मनूने किल्ली काढून पुढे केली. "यू ड्राइव्ह. प्लीज."

"नाही," ते म्हणाले. "चूक तुझी नव्हती. गाडीची पण नव्हती. माझी होती. परत तूच चालवायचीस. गाडीत दम नाही हे धरून चालव. ट्रेलरच्या मागे राहा. घरी पोचायला संध्याकाळ झाली तरी चालेल."

मी मनात म्हटलं, हा माणूस वेडा झालाय. पण मनूने डोळे पुसले आणि किल्ली परत लावली. येताना सगळा घाट आम्ही एका खडीच्या ट्रेलरच्या मागे, त्याची धूळ खात आलो. साहेब मागच्या सीटवर ताठ बसले होते. मी आरशात एकदाच बघितलं आणि पुन्हा बघितलं नाही, कारण त्यांचे ओठ हलत होते आणि ते काय म्हणत होते ते मला ऐकायचं नव्हतं.

सोमवारी मनूला रुजू व्हायचं होतं. साहेबांनी टर्मिनलच्या माणसांना स्वतः फोन करून आठवडाभराची सवलत मागून घेतली आणि कधी नव्हे ती रजा टाकली. अंगणातली चादर निघाली. मीही ऑफिस सुटल्यावर शारजाला जात होतो. का, ते मला सांगता येणार नाही. मला त्यातलं काही कळत नाही, मी फक्त उजेडासाठी बॅटरी धरून उभा राहायचो. उस्तादने चेन ब्लॉकने छोटं इंजिन वर उचललं आणि सहा सिलिंडरचं खाली सोडलं. साहेब प्रत्येक बोल्ट स्वतः कसत होते.

"आता भीती नाही वाटत?" मी विचारलं.

"वाटते की. उलट जास्तच." पाना फिरवत ते म्हणाले. "पण राव, मी माझी भीती गाडीत बसवली होती. आणि ती चढावर त्या पोरीला ओढावी लागली. माझी भीती आहे ना? मग माझ्याजवळ राहू दे."

मी बॅटरी दुसरीकडे वळवली. त्यांच्या तोंडावर उजेड पडत होता.

पुढच्या सोमवारी सकाळी मी मुद्दाम लवकर खाली उतरलो. इंटर्नशिप संपेपर्यंत साहेब आणि मी ऑफिसातल्या एकाच्या गाडीतून जाणार होतो. गाडी सुरू होती. ते भरदार इंजिन सगळ्या पार्किंगमध्ये घुमत होतं आणि वरच्या मजल्यांवरून एकदोघे डोकावत होते. वहिनींनी डबा आणि पाण्याची बाटली मागच्या सीटवर ठेवली, मग काढून पुढच्या सीटवर ठेवली. मनूने बेल्ट लावला. साहेब तिच्या खिडकीशी उभे होते. मला वाटलं, आता सूचनांचा पाऊस पडणार. ट्रेलर, धूळ, वेग पकडणारे रडार, टायरची हवा, सगळं. ते काहीच बोलले नाहीत.

"निघू?" मनूने चक्क मराठीत विचारलं.

"हं," ते म्हणाले.

गाडी हलली नाही. मनू थांबली. वहिनी थांबल्या. मला वाटलं काही बिघडलंय. मग मनू अगदी हळू म्हणाली,

"बाबा, युअर हँड."

तेव्हा मला दिसलं. साहेबांनी खिडकीची कड धरली होती. बोटं पांढरी पडेपर्यंत घट्ट. त्यांनी त्या हाताकडे बघितलं, दुसऱ्याच कुणीतरी तो तिथे ठेवून गेल्यासारखं. मग एकेक बोट सोडवलं.

गाडी निघाली, वळणावर तिचा सिग्नल लागला आणि ती वळली. बराच वेळ आवाज येत होता, मग तोही येईनासा झाला. वहिनी आत गेल्या. साहेब तिथेच उभे होते, आणि त्यांचा हात अजून खिडकीच्या उंचीवर, हवेत तसाच होता.